यात क्रूस कुठे आहे?

पत्राचा गोषवारा : पत्रलेखिका तिशीच्या उंबरठ्यावर आहे. जाहिरात एजन्सीत ग्राफिक डिझायनर. चर्चमध्येच लहानाची मोठी झालेली, श्रद्धा मनापासूनची. मंडळीची पोस्टर्स, उपासनेच्या स्लाइड्स, पत्रिका ती बरीच वर्षं विनामूल्य करून देते. यंदा ईस्टरसाठी तिने एक पोस्टर केलं : जवळजवळ रिकामी करडी पार्श्वभूमी आणि कोपऱ्यात घडी करून ठेवलेलं एक पांढरं कापड. योहानाच्या शुभवर्तमानात रिकाम्या कबरेत शिष्यांना दिसलं, ते. कमिटीत प्रश्न आला, "यात क्रूस कुठे आहे? येशू कुठे आहे?" पोस्टर बाजूला पडलं. युवक संघातल्या एका मुलाने मोबाइलवरच्या ॲपमध्ये दुसरं करून दिलं : उगवता सूर्य, कबुतर, लिलीची फुलं, तीन फॉन्ट. त्याच सुमारास ऑफिसात तिच्याकडे ऑनलाइन बेटिंगच्या ॲपचं काम आलं. तिने ते केलं, आणि तेव्हापासून उपासनेत मन लागत नाही. आता तिला वाटतं की नोकरी सोडावी आणि यापुढे फक्त देवासाठी डिझाइन करावं. पत्राच्या अगदी शेवटी, घाईत लिहिल्यासारखा, आणखी एक प्रश्न : "माझ्या कामाखाली माझं नाव असावं असं वाटतं. हा गर्व आहे का?"

नमस्कार,

पत्र वाचताना एक गोष्ट आधी नजरेत भरली. पोस्टरबद्दल तुम्ही जवळजवळ दोन पानं लिहिली आहेत. नोकरी सोडण्याबद्दल सात-आठ ओळी. बेटिंगच्या कामाला एकच परिच्छेद, तोही "असो" म्हणून आवरता घेतलेला. सल्ला मात्र नोकरीबद्दल मागता आहात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शिवाय ज्या कमिटीने काम परत पाठवलं म्हणून रात्रभर झोप आली नाही, त्याच कमिटीच्या हाताखाली पूर्णवेळ जायचं म्हणता. हे लिहिताना तुमच्या लक्षात आलं होतं का?

तेव्हा आधी पोस्टर.

कल्पना सुंदर आहे. योहानाच्या विसाव्या अध्यायातला तो तपशील फार थोड्यांच्या ध्यानात राहतो : तागाची वस्त्रं पडलेली आणि डोक्याला बांधलेला रुमाल त्यांच्यात नाही, वेगळा, नीट गुंडाळून ठेवलेला. प्रेत पळवायला आलेला चोर कापडं आवरत बसत नाही. न रागावता, न ओरडता पुनरुत्थान सांगणारी ती एक वस्तू तुम्ही उचललीत. डोळा आहे तुम्हाला, यात शंका नाही.

पण हे कळतं कोणाला? ज्याने तो अध्याय वाचलाय त्याला. पोस्टर लागणार होतं फाटकाबाहेर, असं तुम्हीच लिहिलंय. रस्त्याने जाणाऱ्याला ती लाँड्रीची जाहिरात वाटली असती. आणि दिवस, वेळ, ठिकाण? ते तळाशी, बारीक, फिकट करड्या अक्षरांत, कारण "वर घेतलं तर शांतता मोडत होती." या वाक्यावर मी अडखळले. ज्या आजी-आजोबांना ती ओळ वाचता येणार नव्हती त्यांच्यापेक्षा लेआउटची शांतता मोठी ठरली. ऑफिसात, क्लायंटच्या कामात, तुम्ही हे कधीच केलं नसतं. चर्चच्या कामात केलंत, कारण तिथे डेडलाइन आणि करेक्शनच्या धबडग्यातून सुटून तुम्हाला एकदाचं स्वतःचं काहीतरी करायचं होतं. समजतं मला. पण मग ते काम मंडळीसाठी होतं की स्वतःसाठी, याचा हिशेब मोकळेपणाने करायला हवा.

म्हणजे कमिटीचं बरोबर होतं का? अर्धं. अडचण खरी होती, इलाज चुकला. तुम्ही जोडलेला दुसऱ्या पोस्टरचा फोटो मोठा करून पाहिला. "पुनरुत्थान" हा शब्द रुंदी भरण्यासाठी इतका ताणलाय की अक्षरा-अक्षरांमध्ये शिरोरेषा तुटली आहे. रोमन लिपीत अक्षरं अशी एकमेकांपासून दूर केली तरी चालून जातं, देवनागरीत शब्दाचे तुकडे होतात. खालची ओळ इतकी जवळ आलीय की वरच्या ओळीचे उकार तिच्या मात्रांवर चढलेत. कमिटीला हे बोट ठेवून दाखवता येतं आणि दाखवलं तर पटतं. "तुम्हाला डिझाइन कळत नाही" याने कोणाला काही पटल्याचं मी पाहिलेलं नाही. आणि तो मुलगा, ज्याच्यावर पत्रात तुम्ही इतक्या चिडला आहात, तो मंडळीत हे काम हौसेने करणारा दुसरा एकटाच माणूस दिसतो. पुढच्या कामाला त्याला शेजारी बसवा.

"येशू कुठे आहे?" या प्रश्नाला तुम्ही अडाणीपणा म्हटलंय. तो तसा नाही. माणसांना ओळखीचा चेहरा हवा असतो. फक्त तो चेहरा आला कुठून हे तुम्हाला माहीत असावं. चारही शुभवर्तमानांत येशू दिसायला कसा होता याचं वर्णन नाही. खांद्यावर रुळणारे केस, मऊ दाढी, एका बाजूने पडलेला सोनेरी उजेड हे रूप गेल्या शतकात सर्वांत जास्त घरांत पोचलं ते वॉर्नर सॉलमन यांच्या १९४० च्या चित्रातून. सॉलमन शिकागोचे, जाहिरातींसाठी चित्रं काढणारे कमर्शियल आर्टिस्ट. त्या चित्राच्या कोट्यवधी प्रती निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात खिशात मावतील अशा छोट्या प्रती सैनिकांना वाटल्या गेल्या. कोणाच्या तरी आजीने आयुष्यभर ज्या चेहऱ्यासमोर गुडघे टेकले, तो तुमच्याच धंद्यातल्या माणसाच्या हातचा. आणि क्रुसाचं म्हणाल तर रोमच्या भुयारी दफनभूमींत पहिल्या ख्रिस्ती लोकांनी काढला तो मासा, जहाजाचा नांगर, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. क्रूस उघडपणे सगळीकडे दिसू लागला तो पुष्कळ नंतर. मेंढपाळाची ती आकृती तर ग्रीक-रोमन कलेत आधीपासून होती, तीच उचलली आणि तिला नवा अर्थ दिला. हे कमिटीच्या बैठकीत ऐकवू नका, भांडण होईल. तुमच्या मनातली गाठ सुटावी म्हणून सांगतेय. क्रूस नसलेलं चित्र ख्रिस्ती असू शकतं आणि क्रूस ठोकलेलं पोस्टर नुसतंच ढोबळ असू शकतं.

त्या घडी केलेल्या कापडाचं काय करायचं? उपासनेच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर घ्या. ती पुस्तिका माणसाच्या हातात तासभर असते. विसावा अध्याय त्या दिवशी वाचला जाण्याची शक्यता मोठी, आणि वाचन चालू असताना कोणाची तरी नजर मुखपृष्ठावर जाईल. चित्र बरोबर होतं, जागा चुकली. फाटकावर मोठ्या अक्षरांत दिवस आणि वेळ, आणि हवा तर क्रूस. त्यात कमीपणा काही नाही.

आता "फक्त देवासाठी काम" या वाक्याकडे येऊ. त्यामागे एक गृहीतक आहे, ते फार जणांच्या मनात असतं, म्हणून जरा थांबते. गृहीतक असं की विषय पवित्र असला की काम पवित्र होतं, आणि काम पवित्र असलं की माणूसही.

बायबलातल्या निर्गम या पुस्तकाचा एकतिसावा अध्याय तुम्ही जाणताच. पवित्र शास्त्रात कोणाला देवाच्या आत्म्याने भरलं असं पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत सांगितलंय ते परमेश्वराचा मंडप घडवणाऱ्या एका कारागिराबद्दल. बसालेल, उरीचा मुलगा, हूराचा नातू, यहूदाच्या वंशातला. सोनं, रुपं, पितळ, रत्नांना पैलू पाडणं, लाकडाचं कोरीवकाम, सोबतीला अहलियाब. कलावंत श्रद्धाळू माणसं हा अध्याय नेहमी सांगतात. पुढचा सहसा कोणी सांगत नाही. बत्तिसाव्या अध्यायात लोक कानांतली सोन्याची कुंडलं काढून मोशेच्या भावाकडे, अहरोनाकडे देतात आणि पूजेसाठी सोन्याचं वासरू घडतं. धातू तोच, कोरणीही तशीच, आणि अहरोन तर याजक व्हायचा होता. वर तो जाहीर करतो की उद्या परमेश्वराप्रीत्यर्थ उत्सव! म्हणजे तिथेही काम "देवासाठी"च चाललं होतं. लेबल बघून ओळखता येत नाही, हे त्या दोन अध्यायांना शेजारी ठेवलं की कळतं.

याहून कडवट उदाहरण तुमच्या संगणकातच असण्याचा संभव आहे. गिल सॅन्स हा फॉन्ट तुम्ही वापरला असेल. १९२८ मध्ये तो बाजारात आला, करणारा एरिक गिल. १९१३ मध्ये त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला, समविचारी कारागिरांचा धार्मिक संघ उभा केला, लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलमधली क्रूसमार्गाची शिल्पं कोरली. कामाला प्रार्थना मानणारा माणूस. १९८९ मध्ये त्याचं चरित्र आलं आणि त्याच्याच रोजनिशीतून जगाला कळलं की त्याने स्वतःच्या मुलींवर लैंगिक अत्याचार केले होते. त्याचे फॉन्ट वापरावेत का, शिल्पं ठेवावीत का, यावर वाद अजून मिटलेला नाही आणि तो मी इथे मिटवणारही नाही. माझा मुद्दा एवढाच की दिवसभर क्रूस कोरत बसल्याने कोणी पापातून वाचत नाही. एजन्सी सोडून मंडळीच्या ऑफिसात बसलात की मन आपोआप स्वच्छ होईल, ही आशा कृपा करून धरू नका.

दुसऱ्या बाजूने, एजन्सीतलं काम म्हणजे मळ आणि ते धुऊन चर्चमध्ये यायचं, असंही नाही. कोरिटा केंट यांचं काम शोधून पाहा. त्या लॉस एंजेलिसमधल्या एका कॅथलिक कॉलेजात कला शिकवणाऱ्या नन. साठच्या दशकात त्यांनी सिल्कस्क्रीनवर जी प्रिंट्स काढली त्यांतले शब्द, रंग, अक्षरांची वळणं सुपरमार्केटच्या पाकिटांवरून आणि जाहिरातींवरून घेतलेली होती. ब्रेडच्या पाकिटावरचे ठिपके आणि प्रभुभोजनाची भाकर एकाच कागदावर. १९६४ च्या एका प्रिंटमध्ये तर टोमॅटोच्या डब्यांच्या जाहिरातीतली भाषा मरियेसाठी वापरली. लोक हसले, काही हरखले, आणि धर्मप्रांताच्या वरिष्ठांचा पारा चढला. अखेर १९६८ मध्ये त्या मठ सोडून बाहेर पडल्या, तेव्हा तुमच्या कमिटीच्या एका प्रश्नाने खचून जाऊ नका. दिवसभर तुम्ही जी भाषा हाताळता, पाकिटांची, ऑफरची, चार शब्दांत माणसाला थांबवण्याची, ती तुमची कच्ची सामग्री आहे. चर्चला तिची गरज आहे. मंडळीच्या पत्रिकांत जे बोजड, सातव्या ओळीपर्यंत कार्यक्रमाचं नावच न सांगणारं लिहिलं जातं, ते तुम्हीच सुटसुटीत करू शकाल.

आता तो "असो" म्हणून सोडलेला परिच्छेद. माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे, आणि तो तुम्ही अंगाबाहेर टाकताय.

तुम्ही लिहिता, जिंकल्याचा स्क्रीन झगमगीत केला, नाणी उधळली. हरल्याच्या स्क्रीनवर रक्कम लहान ठेवली आणि "पुन्हा खेळा" बटण मोठं, हिरवं. "खातं बंद करा" हा पर्याय तीन पायऱ्या आत, करड्या अक्षरांत. हे वाचून मला तुमची श्रद्धा कळली, पोस्टरपेक्षा जास्त. कारण तुम्हाला नेमकं कुठे बोचलं हे तुम्ही पिक्सेलच्या मापाने सांगितलंय. दहा आज्ञांमध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस अशी एक आज्ञा आहे. ग्राफिक डिझायनरच्या धंद्यात ती बटणाच्या आकारात, तारांकित "अटी लागू" मध्ये, आपोआप टिक केलेल्या चौकटीत, खोट्या उलट्या घड्याळात मोडली जाते. तिथे क्रूस काढायला जागा नसते आणि गरजही नसते.

म्हणून कामांची पवित्र आणि लौकिक अशी वाटणी न करता एक प्रश्न विचारून बघा : हे डिझाइन अगदी मनासारखं यशस्वी झालं, तर कोणाचं नुकसान होईल? साबणाच्या वेष्टनाला उत्तर बहुधा "कोणाचंच नाही" असं येईल. ते काम मन लावून करा, त्यात देवाला लाज वाटण्यासारखं काही नाही. बेटिंगच्या ॲपला उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. अधल्यामधल्या कामांत खल करावा लागेल, आणि तिथे तुमचं आणि शेजारच्या टेबलावरच्या ख्रिस्ती सहकाऱ्याचंही एकमत होईलच असं नाही.

मग नकार कसा द्यायचा? दानीएलाचा पहिला अध्याय या दृष्टीने वाचा. बंदिवान म्हणून नेलेल्या त्या यहूदी तरुणाने बाबेलच्या राजाची नोकरी नाकारली नाही. त्यांची भाषा शिकला, त्यांची विद्या शिकला, त्यांच्या देवाची छाया असलेलं नावही चालवून घेतलं. अडला फक्त राजाच्या ताटापाशी, कारण ते अन्न त्याला विटाळाचं वाटत होतं. तिथेही प्रवचन दिलं नाही. अधिकाऱ्याची अडचण समजून घेतली आणि दहा दिवसांची परीक्षा सुचवली : आम्हाला शाकभाजी आणि पाणी द्या, मग आमचे चेहरे बघा. तुमच्या भाषेत, बॉसला पर्याय दिला. तुम्हीही तसंच करा, आणि पुढचं काम टेबलावर येण्याआधी करा. "बेटिंगची आणि कर्जाच्या ॲपची कामं माझ्या विवेकाला पटत नाहीत, ती मला देऊ नका. त्या बदल्यात अमुक क्लायंटचं कंटाळवाणं काम मी घेते." हे तोंडी सांगा, नंतर दोन ओळींचा मेल पाठवा. यादी छोटी ठेवा. दर आठवड्याला नवी हरकत निघाली तर तिसऱ्या वेळी कोणी ऐकणार नाही. आणि जो सहकारी ते काम घेईल त्याच्याकडे वरून बघू नका. त्याच्या घरचे हप्ते तुम्हाला माहीत नसतात. बॉसने साफ नाही म्हटलं, तर मात्र नोकरी बदलण्याचा विचार रास्त आहे. बदलण्याचा, संन्यासाचा नव्हे.

नावाबद्दल थोडक्यात. सुमारे इसवी सन ८०० मधलं केल्सचं हस्तलिखित, म्हणजे भिक्षूंनी सजवलेली शुभवर्तमानांची प्रत, कधी पाहिलंत तर ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक आद्याक्षरं असलेलं पान शोधा. पानभर वेलबुट्टीचा भोवरा, आणि खाली अक्षराच्या पायाशी दोन मांजरं. त्यांच्या पुढ्यात उंदीर, आणि उंदरांच्या तोंडात प्रभुभोजनाच्या भाकरीसारखी गोल चकती. जवळच तोंडात मासा धरलेलं एक पाणमांजर. सर्वांत पवित्र पानावर कोणा भिक्षूने हा खोडकरपणा केला, आणि त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. हे उदाहरण देऊन तुम्हाला नम्रता शिकवणारे भेटतील. त्यांना बसालेल दाखवा. त्याचं नाव आहे, बापाचं आहे, आजोबाचं आहे, वंशाचंही आहे. पवित्र शास्त्राला कारागिराचं श्रेय छापायला संकोच वाटला नाही. तेव्हा पुस्तिकेच्या मागच्या पानावर लहान अक्षरांत "मांडणी" म्हणून नाव घाला आणि विसरून जा. गर्व कुठे आहे हे तपासायचंच असेल तर करेक्शन आल्यावर स्वतःकडे पाहा.

तरीही मंडळीसाठी पूर्णवेळ काम करावंसं वाटत असेल, तर पाचारण आहे म्हणून व्यवहार सोडू नका. प्रेषित पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता, आणि कामकरी मजुरीला पात्र आहे हे खुद्द येशूचं म्हणणं आहे. पाळकांना भेटून विचारा : पगार किती, कोण देणार, फायनल कोण करणार? सात जणांच्या कमिटीने डिझाइन पास करायचं असेल तर जाऊ नका. एक माणूस ठरवून मागा. आत्ताच्या विनामूल्य कामालाही हेच लागू करा. वर्षाला अमुक इतकी कामं, प्रत्येकाला लेखी ब्रीफ, करेक्शनच्या दोन फेऱ्या, आठवडाभर आधी मजकूर. "सेवा आहे" म्हणून शनिवारी रात्री अकराला आलेला मजकूर घेत राहिलात तर एक दिवस मंडळीवरच राग धराल, आणि पत्राचा सूर पाहता तो दिवस फार लांब नाही. आणि हो, इंटरनेटवरून उचललेले फोटो आणि लायसन्स न घेतलेले फॉन्ट चर्चच्या कामात बंद करा. प्रभूच्या नावाने केलेली चोरी चोरीच असते, हे कमिटीत कोणीतरी म्हणायला हवं, आणि तुमच्याशिवाय तिथे ते कोणाच्या ध्यानात येणार नाही.

क्रम असा ठेवा : या आठवड्यात बॉसशी बोला. कमिटीशी नंतर, राग उतरल्यावर, दोन्ही पोस्टर्स समोर ठेवून. राजीनाम्याचा विषय किमान सहा महिने काढू नका, तोवर जमेल तितके पैसे बाजूला टाका. त्यानंतरही जावंसं वाटलं तर मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात पगाराचा आकडा आणि पाळकांचं उत्तर, दोन्ही असू द्या.